‘कुत्रे जास्त की प्राणी जास्त?’ – साडेपाच वर्षांच्या मुलीचं उत्तर कसं समजून घ्यायचं

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही पाहता येईल. मुलगी साडेपाच वर्षांची. शाळेतून आलेल्या कागदावर गाय, घोडा, गवत आणि कुत्रा अशी चार चित्रं होती आणि गटात न बसणाऱ्या चित्रावर फुली मारायची होती. तिने कुत्र्यावर मारली, ती चूक धरली गेली. मग तुम्ही घरी खेळण्यातले पाच कुत्रे आणि दोन मांजरं मांडून विचारलंत, ‘कुत्रे जास्त की प्राणी जास्त?’ ती बिनदिक्कत म्हणाली, ‘कुत्रे.’ शिवाय चिमणी हा प्राणी नाहीच, पक्षी आहे, यावर ती अडून बसलीय. तिच्याच वयाचा भाचा ही तिन्ही उत्तरं बरोबर देतो. म्हणून तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: तिला वर्गीकरण जमत नाही का, आणि रोज चित्रकार्डं घेऊन सराव करून घ्यावा का.

सरावाचं उत्तर एका शब्दात देता येतं : नको. पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल. तुम्ही ज्याला एक अडचण समजताय त्या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या निरनिराळ्या वयांत जमतात आणि त्यातल्या एकीत तर मला अडचण दिसतच नाही.

कुत्र्यापासून सुरुवात करू. फुली कुत्र्यावर का मारली, हे तुम्ही तिला विचारलंत का? तुमच्या लिहिण्यात ते कुठे आलं नाही. माझा अंदाज, ती म्हणेल, ‘गाय आणि घोडा गवत खातात, कुत्रा नाही खात.’ माझ्याकडे मुलं तपासणीसाठी येतात तेव्हा मी प्रत्येक उत्तरानंतर ‘असं का?’ विचारते, उत्तर बरोबर असलं तरी. नुसत्या फुलीवरून फार काही कळत नाही. बरोबर जागी पडलेल्या फुलीमागे ‘गवत हिरवं आहे’ एवढंच असू शकतं आणि चुकलेल्या फुलीमागे पक्का निकष असू शकतो.

तुमच्या मुलीचा निकष असा असावा : कोणाचा कोणाशी संबंध आहे. कागद तयार करणाऱ्याचा निकष होता : कोण एकाच जातीचं आहे. पाच वर्षांच्या आसपासची पुष्कळ मुलं मोकळं सोडलं की पहिला निकष धरतात. गाय गवताबरोबर, बाळ पाळण्याबरोबर, चावी कुलपाबरोबर. यात एक गोष्ट दडलेली असते, आणि मुलांना गोष्टी आवडतात. पण याचा अर्थ दुसरा निकष त्यांच्याकडे नसतो असं मात्र नाही. एलन मार्कमन आणि जीन हचिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये यावर फार छान प्रयोग मांडला. मुलांना एक चित्र दाखवायचं आणि सोबत दोन पर्याय द्यायचे : एक त्याच जातीचं, दुसरं त्याच्याशी गोष्टीने जोडलेलं. ‘याच्यासारखं आणखी एक शोध’ म्हटलं की मुलं बऱ्याचदा जोडीदार उचलत. पण पहिल्या चित्राला एखादं नवंकोरं, बनावट नाव देऊन ‘आता असाच आणखी एक अमुक शोध’ म्हटलं, की तेवढ्याच वयाची मुलं त्याच जातीच्या चित्राकडे वळत. नाव आलं की मूल समजतं, आता जातीबद्दल बोलणं चाललंय. म्हणजे दोन्ही रस्ते त्याला ठाऊक असतात. कोणत्या रस्त्याने जायचं हे प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर ठरतं.

आणि संबंधावरून गट करणं हा काही लहानपणाचा दोषही नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी 1931-32 च्या सुमाराला उझबेकिस्तानात शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळं काय ते विचारलं. ‘तीन हत्यारं आणि एक लाकूड’ हे उत्तर त्यांना मान्य नव्हतं. ओंडका काढला तर करवतीने कापायचं काय? कर्तीसवरती, व्यवहारात मुरलेली माणसं होती ती. शाळा आपल्याला एका ठरावीक तऱ्हेने गट करायला शिकवते आणि पुढे आपण त्यालाच एकमेव बरोबर तऱ्हा मानायला लागतो. तुमच्या मुलीला ही तऱ्हा शिकावी लागेलच, शाळेत ती उपयोगाची आहे. पण ती अजून शिकायची आहे याचा अर्थ तिची समज कमी आहे असा होत नाही.

आता ‘कुत्रे जास्त की प्राणी जास्त?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःच शोधून काढलात की कुठे वाचलात, माहीत नाही. पण तो फार जुना आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी अलिना शेमिन्स्का यांनी मुलांपुढे लाकडी मणी ठेवले, बहुतेक तपकिरी, थोडे पांढरे. आधी सगळे मणी लाकडाचे आहेत हे मुलांकडून कबूल करून घेतलं. मग विचारलं, तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त? सात वर्षांखालची बहुतेक मुलं म्हणाली, तपकिरी. यावरून पियाजे यांनी काढलेला निष्कर्ष असा की या वयात मुलाला उपवर्ग आणि त्याला पोटात घेणारा मोठा वर्ग एकाच वेळी मनात धरता येत नाही. तपकिरी मणी एकदा बाजूला काढले की ‘लाकडी’ म्हणून उरतात ते फक्त पांढरे, आणि तुलना होते तपकिरी विरुद्ध पांढरे अशी. एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांत मोजायचा, तसं हे काम आहे.

हे वर्णन आजही बरोबर आहे. त्याच्या कारणावर मात्र पुढे बराच वाद झाला. जेम्स मॅकगॅरिगल यांनी काळ्या-पांढऱ्या खेळण्यातल्या गाई आडव्या पाडून ठेवल्या आणि सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना सांगितलं, या सगळ्या झोपल्यात. ‘काळ्या गाई जास्त की गाई जास्त?’ याला 25 टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. ‘काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?’ असं विचारल्यावर 48 टक्क्यांनी. गाई त्याच, संख्या तीच. एका शब्दाने मोठ्या गटाला काहीतरी ओळख दिली, एवढाच फरक. मार्कमन यांना असंही दिसलं की सदस्यांऐवजी समूहाचं नाव घेतलं, म्हणजे सुट्या बेडकांऐवजी ‘बेडकांचं कुटुंब’ म्हटलं, की मुलांना भाग आणि पूर्ण यांची तुलना सोपी जाते.

मला स्वतःला वाटतं, यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक खरीखुरी मर्यादा आहे : दोन पातळ्या एकत्र धरायला लागणारी मनाची जागा साडेपाचव्या वर्षी कमीच असते. आणि दुसरं, प्रश्नच विचित्र आहे. रोजच्या बोलण्यात ‘हे जास्त की ते जास्त’ आपण दोन वेगळ्या ढिगांबद्दल विचारतो. ज्यात एक ढीग दुसऱ्याच्या आतच आहे असा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यामुळे मूल समंजसपणे तो प्रश्न आपल्या मनात दुरुस्त करून घेतं, ‘कुत्रे जास्त की मांजरं जास्त’, आणि त्याचं बरोबर उत्तर देतं. हे उत्तर बहुतेक मुलांना सात-आठच्या सुमाराला जमायला लागतं, काहींना त्यानंतर. त्यामुळे साडेपाचला ते न येणं ही काळजीची खूण मुळीच नाही. मी या वयात हा प्रश्न निदानासाठी वापरत नाही.

राहता राहिला भाचा. दोनच पर्याय असलेल्या प्रश्नात डोळे मिटून बोललं तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं. शिवाय प्रश्नात शेवटी ऐकलेला पर्याय उचलायची सवय काही मुलांना असते. शब्दांची जागा उलटवून ‘प्राणी जास्त की कुत्रे जास्त?’ विचारा, आणि कारण विचारा. तो ‘कारण कुत्रेपण प्राणीच आहेत ना’ म्हणाला तर त्याला खरंच जमलंय, शाबासकी द्या. पण ती तुलना मुलीसमोर करू नका.

तिसरी गोष्ट चिमणीची, आणि माझ्या मते यात खरं पाहण्यासारखं आहे. गट करणं मुलं बोलायला लागायच्या कितीतरी आधी सुरू करतात. पॉल क्विन, पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तीन-चार महिन्यांच्या बाळांना मांजरांची वेगवेगळी चित्रं दाखवली. मग नवं मांजर आणि कुत्रा शेजारी शेजारी ठेवले, तर बाळं कुत्र्याकडे जास्त वेळ बघत राहिली. त्यांच्या लेखी नवीन होता तो कुत्रा. पण आधी कुत्री दाखवून नंतर मांजर दाखवलं तेव्हा तसं झालं नाही. कारण मोठं मजेदार आहे : कुत्र्यांच्या रूपात इतकी विविधता असते की मांजरसुद्धा त्यात खपून जातं. म्हणजे चार महिन्यांचं बाळ गट करतं, पण दिसण्यावरून, आणि त्याला काय काय दाखवलंय त्यावर तो गट आखडतो किंवा पसरतो.

पुढे शब्द येतात. ते आधी मधल्या पातळीचे येतात : कुत्रा, गाडी, खुर्ची. ‘प्राणी’ किंवा ‘वाहन’ नंतर, कुत्र्यांच्या जातींची नावं त्याहूनही नंतर. एलिनॉर रॉश आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये या मधल्या पातळीचं महत्त्व दाखवून दिलं. सगळे कुत्रे बऱ्यापैकी एकमेकांसारखे दिसतात, त्यांच्याशी आपण वागतोही सारखंच. पण ‘प्राणी’ म्हटलं तर डोळ्यांसमोर काय आणणार? मुंगी, देवमासा आणि चिमणी यांचं मिळून एक चित्र होत नाही. दीड वर्षाचं मूल गाईलाही ‘भू भू’ म्हणतं तेव्हा घरचे हसतात. पण त्याच मुलासमोर चित्रं ठेवून ‘भू भू कुठाय?’ विचारा, बऱ्याचदा ते नेमकं कुत्र्यावर बोट ठेवतं. तोंडात शब्द कमी असतात, डोक्यात फरक जास्त असतात.

तर तुमच्या मुलीसाठी ‘प्राणी’ म्हणजे बहुधा चार पायांचा, केसाळ कोणीतरी. हा समज तिने मनाने काढलेला नाही. चित्रांच्या पुस्तकात प्राण्यांचं पान वेगळं आणि पक्ष्यांचं वेगळं असतं. आपण मोठी माणसंही बोलताना त्यांना असं शेजारी शेजारी ठेवतो. तिने आपलं बोलणं नीट ऐकलंय इतकंच. सूझन केरी यांच्या 1985 च्या अभ्यासाचा रोखही असा की सजीव म्हणजे काय याची मुलांची कल्पना दहाव्या वर्षापर्यंत मुळापासून बदलत जाते. वनस्पती जिवंत असतात, माणूसही प्राण्यांतच मोडतो, हे सगळं त्यात हळूहळू बसतं. माणूस प्राणी आहे का, हे घरातल्या एखाद्या मोठ्यालाच विचारून पाहा. क्षणभर घुटमळतील.

म्हणून मी ‘चिमणी प्राणी आहे का?’ असं विचारत नाही. मी विचारते : चिमणीला भूक लागते का? ती झोपते का? तिला लागलं तर दुखतं का? तिची पिल्लं मोठी होतात का? आणि दगडाचं काय, गाडीचं काय? चिमणीला ‘हो’ आणि दगडाला ‘नाही’ आलं तर प्राण्यांच्या वर्गाचा गाभा मुलाकडे आहे, वरचं लेबल तेवढं लावायचं राहिलंय. वर्ग उपयोगी पडतो तो यासाठीच : एकाबद्दल कळलेलं दुसऱ्याला लावता येतं. सूझन गेलमन आणि मार्कमन यांनी 1986 मध्ये चार वर्षांच्या मुलांना फ्लेमिंगो, वटवाघूळ आणि दिसायला वटवाघळासारखा काळा पक्षी दाखवला. पहिले दोघे पिल्लांना काय भरवतात ते सांगितलं, आणि विचारलं, तिसरा काय भरवत असेल? तो ‘पक्षी’ आहे हे सांगितल्यावर मुलं बहुतेक वेळा दिसण्याला न भुलता फ्लेमिंगोच्या बाजूने गेली. चार वर्षांची मुलं! दिसण्याच्या पलीकडे काहीतरी असतं याची जाणीव तेव्हाच असते.

ती पक्की व्हायला मात्र काही वर्षं जातात. फ्रँक कील यांची रॅकूनची गोष्ट मला फार आवडते. रॅकून आणि स्कंक हे अमेरिकेतले दोन केसाळ प्राणी, त्यातला स्कंक घाण वास सोडणारा. डॉक्टरांनी रॅकूनला रंगवून, वास सोडणारी पिशवी बसवून हुबेहूब स्कंक केलं, तर आता तो कोण? शाळेच्या उंबरठ्यावरची बरीच मुलं म्हणतात स्कंक. नऊ-दहाची मुलं म्हणतात, दिसो काहीही, तो रॅकूनच. पण कॉफीच्या भांड्याला कापून पक्ष्यांना दाणे ठेवायचं भांडं केलं, तर लहान-मोठी सगळीच म्हणतात, ते आता दाण्यांचं भांडं झालं. वस्तू आपण करू तशी होते, प्राणी जन्माने जो असतो तो असतो. हा फरक त्यांना कोणी शिकवणी लावून शिकवलेला नसतो.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. घरात आणि शाळेत भाषा वेगळी असेल तर ‘प्राणी’, ‘वाहन’ असे मोठे शब्द एका भाषेत लवकर येतात, दुसऱ्या भाषेत उशिरा. ज्या भाषेत मूल जास्त बोलतं तिच्यात विचारा. आवड तर सगळं वय मागे टाकते. मिशेलिन ची आणि रँडी कोएस्के यांनी 1983 मध्ये साडेचार वर्षांच्या एका डायनासोरवेड्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे डायनासोर त्याला चांगले ठाऊक होते त्यांचे गट त्याच्या डोक्यात व्यवस्थित बांधलेले होते, आणि कमी ठाऊक असलेल्यांचे विस्कळीत. मूल तेच, वय तेच. तुमच्या मुलीला कशाचं वेड आहे ते पाहा आणि त्या विषयात तिला गट करू द्या. प्राण्यांच्या कागदावर न दिसलेलं बरंच काही दिसेल.

या वयात मी स्वतः जे पाहते ते म्हणजे लवचीकपणा. लाल-निळ्या गोल-चौकोनी कार्डांचे आधी रंगावरून ढीग करायला सांगायचे, मग म्हणायचं, आता आकारावरून. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडाने सांगतं आणि हाताने रंगावरूनच लावत राहतं. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना नियम बदलता येतो. हे तुम्ही घरी सहज करू शकता, विकतची कार्डं नकोत. धुतलेले कपडे आधी ‘कोणाचे’ यावरून लावा, मग तेच मोडून ‘कशाचे’ यावरून. एकच सदरा आधी बाबांच्या ढिगात होता, आता सदऱ्यांच्या ढिगात आला. ‘कुत्राही आणि प्राणीही’ याची तयारी इथे होते.

काळजी कधी करायची? वर्गीकरणाच्या एखाद्या कोड्यावरून नाही. पण साडेपाचव्या वर्षी मूल रोजच्या साध्या सूचना समजत नसेल, ओळखीच्या वस्तूंची नावं सांगू शकत नसेल, कोणत्याच निकषाने, अगदी रंगानेही, वस्तू एकत्र लावत नसेल, लुटुपुटीचे खेळ खेळत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला यातलं काहीच दिसत नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी याहून जास्त म्हणणार नाही.

शाळेच्या कागदासाठी शिक्षिकेशी वाद घालू नका. एकदा निवांतपणे, तक्रारीचा सूर न लावता, मुलीचं कारण काय होतं तेवढं सांगा. मुलीसाठी मात्र तो कागद पुन्हा बाहेर काढा. आधी तिचं कारण ऐका आणि ते बरोबर आहे असं सांगा, कारण ते बरोबर आहे. मग विचारा, हा कागद ज्यांनी केला त्यांच्या मनात काय असेल? गवतापर्यंत ती बहुधा स्वतःच पोचेल. नाही पोचली तर तुम्ही सांगा, ‘बाकीचे तिघे चालतात-पळतात, गवत एका जागी उगवतं.’ त्यानंतर उरलेली दोन चित्रंही वेगळी ठरवून पाहा. गाय वेगळी, कारण तिला शिंगं आहेत. घोडा वेगळा, कारण त्याच्यावर बसून फिरता येतं. असा एक कागद आठवड्यातून कधीतरी, तिला कंटाळा यायच्या आत थांबवायचा. ‘कुत्रे जास्त की प्राणी जास्त?’ हा प्रश्न मात्र ती सात वर्षांची होईपर्यंत विचारू नका.